तुम्ही विचारलंत म्हणून: वीणा खाली ठेवत नाहीत

"सिस्टर, इतकी मरणं बघितलीत, तरी तुमचा पांडुरंगावर विश्वास कसा काय राहिला? आणि एवढी ताकद आणता कुठून?"

सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते तेव्हाही लोक हे विचारायचे, निवृत्त झाल्यावर तर जास्तच विचारतात. गळ्यात तुळशीची माळ दिसते, त्यामुळे सुटका नाही. काहींना खरंच ऐकायचं असतं. काहींना मला कोंडीत पकडायचं असतं (आमच्या नात्यातले एक इंजिनिअर दर दिवाळीला पकडतात). आणि काही जणींचे डोळे प्रश्न विचारतानाच भरून आलेले असतात. त्यांच्या घरी कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं आणि करून करून त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. परवा अशाच एकीचा फोन आला. सासूबाईंना पॅरालिसिस झालाय, घरात करणारी ती एकटी. बोलता बोलता मागून सासूबाईंची हाक आली आणि तिला फोन ठेवावा लागला. उत्तर राहूनच गेलं. म्हणून आता सवडीने लिहिते. तिच्यासाठी, आणि तुम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी विचारलंत म्हणून.

आधीच सांगते, माझ्याकडे चमत्काराची गोष्ट नाही. डॉक्टरांनी आशा सोडलेले पेशंट उठून चालत घरी गेलेले मी पाहिलेत. त्यांत उशाशी अंगारा ठेवलेले होते, तसे देवाचं नावही न घेणारे होते. आणि ज्यांच्या घरचे वॉर्डाबाहेर बसून रात्रभर जप करत होते, त्यांतले कितीतरी पहाटेपर्यंत गेले. जपाने माणूस वाचतो असं मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. "देव परीक्षा बघतो" हे वाक्य तर माझ्यासमोर बोलूच नका. पोटचं पोर गेलेल्या बाईला हे सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. पांडुरंगाला पेपर काढत बसण्यापलीकडे दुसरं काही काम नाही का?

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. त्यामुळे चोखोबांची गोष्ट आम्हाला कुणी शाळेत शिकवावी लागली नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं, मजुरांत चोखोबा होते. भिंत कोसळली, माणसं खाली गाडली गेली. साल १३३८. पुढे नामदेव महाराज आले तेव्हा ढिगाऱ्यात नुसती हाडं होती. ज्या हाडांतून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून त्यांनी उचलली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेव पायरीपाशी आजही ती आहे.

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मी हटकून विचारायचे, "मग विठ्ठलानं भिंत का नाही धरली?"

"एक धरली की समद्याच धरत बसाया लागतंय," आजी म्हणायची.

"मग तो करत काय होता?"

"हाडात हुता की."

तेव्हा मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटायचं. नोकरीला लागल्यावर कधीतरी ते उलगडायला लागलं. आमच्या परंपरेने देवाच्या नावावर भिंत धरल्याचा दावा केलेलाच नाही. भिंत पडली हे सरळ सांगितलंय. ज्याच्यावर पडली त्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिलं नाही, हेही झाकलेलं नाही. त्याच्या लोकांसाठी ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. आणि तरी चोखोबांच्या हाडात तो होता म्हणतात. म्हणजे देऊळ सोबत नव्हतं, देव होता. मला हा हिशेब प्रामाणिक वाटतो.

तुकाराम महाराजांचंही तसंच. जिथे जाईन तिथे तू बरोबर असतोस, हात धरून मला चालवतोस, हा त्यांचा अभंग तुम्ही भजनात ऐकला असेल. ऐकायला फार गोड आहे आणि गोडच म्हटला जातो. पण हे म्हणणाऱ्या माणसाने १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात सगळं गमावलं होतं. दुकान बुडालं, अब्रू गेली, पहिली बायको अन्न अन्न करत मेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. हे ठाऊक असलं की पहिला अभंग वेगळा ऐकू येतो. सुखात बसलेल्या माणसाचं ते बोलणं नाही, आणि बायकोच्या वेळी तू कुठे होतास हे विचारायचं राहून गेलेल्या माणसाचंही नाही. देवाशी भांडणाचे अभंग तर त्यांचे ढिगाने आहेत.

आता वॉर्डात येते.

माझी बरीच नोकरी पुरुषांच्या मेडिसीन वॉर्डात गेली. खाटा भरल्या की खाली गाद्या टाकायच्या, त्यांना आम्ही फ्लोअर बेड म्हणतो. रात्रपाळीला सिस्टर एक किंवा दोन, एखादी मावशी, एखादे मामा. राउंड होऊन गेलेला असतो, नातेवाईक व्हरांड्यात आडवे झालेले असतात, आणि पुढचे तास सगळे आमचे. सलाईन संपत आलं का बघा, कुणाचं सक्शन करा, म्हणजे घशातला कफ नळीने ओढून काढा, कुणाला श्वास लागलाय, कुणी नळी उपसून टाकलीय, कुणाला बेडपॅन हवंय. जनाबाई सांगतात की त्या झाडलोट करत तेव्हा केर देव भरायचा, दळायला बसल्या की जात्याला त्याचाही हात लागायचा. पंढरपूरजवळ गोपाळपूरला त्यांचं जातं दाखवतात. मी मोठ्या भक्तिभावाने तिथे हात लावून आले आहे. पण खरं सांगते, माझं बेडपॅन कधी कुणी चक्रपाणी येऊन उचललं नाही. ते मलाच न्यावं लागलं.

वॉर्डात अधूनमधून 'अनोळखी' यायचे. स्टेशनवर नाहीतर रस्त्याकडेला बेशुद्ध सापडलेले, पोलिसांनी आणून टाकलेले. केस पेपरवर लिहिलेलं असायचं, 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय ६०'. नाव नाही, गाव नाही, विचारायला येणारं कुणी नाही. अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे इथली कातडी दबून काळी पडते, मग जखम होते, आणि ती खोल गेली की हाड दिसतं. दोन तास हा काही नवस नाही. सतत दाब पडलेल्या जागी रक्त पोचत नाही, एवढं साधं कारण आहे. पण रात्री तीन वाजता, बाकी वॉर्ड अंगावर आलेला असताना, त्या अनोळखी म्हाताऱ्याला वळवलं नाही तर कोण विचारणार होतं? कुणीच नाही. सकाळी चार्टवर बरोबरची खूण केली की झालं.

तुमचा प्रश्न नेमका इथे लागू पडतो. त्या तीन वाजता मी त्याच्या खाटेपाशी जायचे ती कशाच्या बळावर?

देव वरून बघतोय या भीतीने नाही. ती भीती थोडे दिवस पुरते. कमरेचं दुखणं सुरू झालं की ती संपते. पुण्य लागेल म्हणूनही नाही. पगार मिळत होता, पुण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या मनात जे असायचं ते असं: या माणसापाशी कुणीतरी आधीच बसलेलं आहे. स्टेशनवर पडला होता तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. मी यायच्या आधी ते तिथे होतं, माझी ड्युटी संपल्यावरही राहणार आहे. मी मधले हे काही तास फक्त घ्यायचे.

गावच्या सप्ताहात तुम्ही वीणेचा पहारा पाहिला असेल. सात दिवस, सात रात्री वीणा अखंड उभी असते, कधी खाली ठेवत नाहीत. पण ती एकाच्या गळ्यात सात दिवस नसते. दोन-तीन तास झाले की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एकाच्या गळ्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आधीचा घरी जाऊन जेवतो, झोपतो, शेतात पाणी धरायला जातो. त्याच्या झोपण्याने पहारा मोडत नाही. रात्री दोनच्या पहाऱ्याला कुणी यायला तयार नसतं, तिथे गावातला एखादा अबोल माणूस गुपचूप उभा राहतो, हेही तुम्ही पाहिलं असेल. मी लहानपणापासून हे बघत आलेय, पण वॉर्डातला सकाळचा हँडओव्हर म्हणजे हेच, हे मला फार उशिरा सुचलं. 'बारा नंबर, रात्री दोनदा उलटी, सलाईन चालू आहे. सतरा नंबर, लघवी कमी, साहेबांना कळवलंय. अनोळखी, डाव्या कुशीवर आहे, आठला वळवा.' एवढं सांगायचं आणि निघायचं.

मला देवाकडून जे मिळालं ते हे आहे. लोक ताकद म्हणतात, पण ताकद मला कधी जाणवली नाही. ड्युटी संपल्यावर मी इतर सगळ्यांएवढीच दमलेली असायचे, रिक्षात डुलक्या घ्यायचे. मिळाली ती सुटका. अखंड राहणं हे त्याचं काम आहे, माझं नाही. तो चोवीस तास आहे म्हणून मी आठ तास असले तरी चालतं. ज्या सिस्टर स्वतःच अखंड व्हायला बघतात, घरी गेल्यावरही तीनदा फोन करतात, सुटीच्या दिवशीही येऊन बघतात, त्या दोन-चार वर्षांत एकतर आजारी पडतात नाहीतर कोरड्या होतात. दोन्ही प्रकार मी पुष्कळ पाहिले. नवीन मुलींना मी हेच सांगायचे, देवाधर्माचं नाव न घेता. "बाई, तुझ्यामागे कुणीतरी आहे, तू घरी जा."

मग २०२० आलं.

मार्चमध्ये पंढरपूरचं देऊळ दर्शनाला बंद झालं. हरिपाठाची सुरुवातच देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्याने होते, आणि आता दारच बंद. वॉर्डात आम्ही पीपीई किट घालून सहा-सहा तास. एकदा चढवलं की पाणी नाही, लघवीला जाणं नाही, आतून घामाने चिंब, चष्म्यावर वाफ. सगळे एकसारखे दिसायचे म्हणून छातीवर स्केचपेनने नाव लिहायचो. पेशंट एकटे, नातेवाईक गेटच्या बाहेर. ज्यांना मोबाइल धरता येत नव्हता त्यांच्या कानाशी आम्ही तो धरायचो आणि नको ते सगळं ऐकायचो. जमिनीचं, मुलीच्या लग्नाचं, पंचवीस वर्षांपूर्वीच्या भांडणाचं. शुद्धीवर असलेल्यांना पोटावर झोपायला सांगायचं, कारण तसं झोपलं की फुप्फुसाच्या मागच्या भागाला हवा मिळते. त्यांना ते अजिबात आवडायचं नाही, रागवायचे, आम्ही विनवण्या करायचो.

बाहेर लोकांनी थाळ्या वाजवल्या, मुंबईत दवाखान्यांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. मोबाइलवर रोज एक चित्र यायचं, देव देवळातून निघून गेलाय आणि पांढऱ्या कोटात आलाय. मला त्या चित्राचा मनापासून राग यायचा. त्याच दिवसांत आमच्यातल्या मुलींना भाड्याच्या खोल्या सोडायला सांगत होते, सोसायटीत लिफ्ट वापरू देत नव्हते. देव म्हटलं की माणसाच्या जेवणाखाणाची, झोपेची, पगाराची जबाबदारी उरत नाही, ही त्यातली सोय आहे. मला देव व्हायचं नव्हतं. मला सहा तासांनंतर बदली माणूस हवं होतं.

त्या वर्षी आषाढी १ जुलैला होती. पालख्या चालत गेल्याच नाहीत. आदल्या दिवशी पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. एरवी मुख्यमंत्र्यांबरोबर महापूजेला बसायचा मान दर्शनाच्या रांगेतल्या वारकरी जोडप्याला मिळतो. त्या वर्षी रांगच नव्हती. म्हणून देवळात वीणेचा पहारा करणाऱ्यांतून निवड केली. हे टीव्हीवर सांगितलं तेव्हा आमच्या डॉनिंगच्या खोलीत, किट चढवता चढवता, मी थांबलेच. म्हणजे इतके महिने दार बंद, गाव बंद, चंद्रभागेचं वाळवंट रिकामं, आणि आत वीणा चालू होती! कुणी ऐकायला नव्हतं तरी. माझ्याबरोबरची मुलगी ख्रिश्चन होती, अहमदनगरकडची. तिने विचारलं, "सिस्टर, काय झालं?" मी सांगितलं. तिला वीणा बघायची होती, मोबाइलवर दाखवली. तिने माझी झिप वर ओढली, मी तिची. आत गेलो.

आषाढी-कार्तिकीची आणखी एक रीत आहे. ती मी पेशंटना पुष्कळदा सांगितली आहे, कारण ती ऐकून ते हसतात. यात्रेच्या आधी देवाचा पलंग काढतात. म्हणजे शेजारती नाही, झोप नाही, दर्शन चोवीस तास. देव उभाच. पाठीला आधार म्हणून मागे लोड ठेवतात. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात. मग पलंग परत येतो. नर्सला हे ऐकून काय वाटतं सांगू? माझा देव डबल ड्युटी करतो, त्याचे पाय दुखतात, त्याला काढा लागतो. ज्याला दमणं माहीतच नाही अशा कुणाची सोबत मला रात्री तीनला नकोच होती. तो उपदेश करत बसला असता.

हे सगळं नोकरीचं झालं. नोकरीत हँडओव्हर असतो. घरी तो नसतो, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणी घरच्याबद्दलच विचारत असता.

निवृत्तीनंतर काही महिन्यांतच मिस्टरांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, हातात जादू होती म्हणायचे लोक. तो हात आता उशीवर ठेवायचा आणि उचलून परत ठेवायचा. मला सगळं येत होतं, नळीतून भरवणं, कॅथेटर, ड्रेसिंग, सगळं. त्यामुळे नातेवाईक निश्चिंत झाले. "तुला काय, तू नर्सच." मुलगा पुण्याला नोकरीत, सून तिच्या नोकरीत. ते यायचे, करायचे, पण रोजचं माझ्यावर.

त्या काळात देव सोबत आहे असं मला वाटलं का? नाही. बहुतेक वेळा काहीच वाटलं नाही. हरिपाठ सुरू करायचे आणि तिसऱ्या-चौथ्या अभंगाला बसल्या जागी झोप लागायची. रडू यायचं तेही देवासमोर नाही, बाथरूममध्ये, नळ सोडून. मिस्टर चिडायचे, कारण शब्द सापडायचा नाही, आणि डाव्या हाताने वाटी उडवायचे. मी भात पुसत बसायचे. भक्तीच्या पुस्तकात असतं तसं मनात उजेड वगैरे काही पडलं नाही.

पण वॉर्डात एक गोष्ट मी शिकले होते, ती इथे कामाला आली. पेशंटला गुंगीत असताना आपण जवळ बसलोय हे कळत नसतं. म्हणून आपण बसलेलो नसतो असं थोडंच आहे? आता गुंगीत मी होते. मला काही जाणवत नव्हतं ते थकव्याने. सोबत असण्याचा माझ्या जाणवण्याशी काही संबंध असेल, असं मी मानलं नाही. यापलीकडे माझ्याकडे त्या दिवसांचं अध्यात्म नाही.

मग आमच्या नणंद, अक्का, बार्शीहून आल्या. वयाने मोठ्या, गुडघे गेलेले. दोन दिवस माझं बघत राहिल्या. तिसऱ्या रात्री मी मिस्टरांच्या खाटेशेजारी सतरंजी घालत होते, तर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही आत जाऊन झोपा."

"अक्का, त्यांना दोनला वळवावं लागतं."

"वळवते की. पाळण्यात असल्यापासून वळवत आलेय मी त्याला. तुम्ही कालच्या."

मी आत जाऊन झोपले ती उजाडल्यावरच उठले. तेव्हापासून अक्का महिन्यातून काही दिवस यायच्या. ते दिवस रात्रीचा पहारा त्यांचा. दिवसा एक बाई ठेवली, पैसे देऊन. यावर नात्यात कुजबुज झाली, स्वतः नर्स असून बाई ठेवते म्हणून. कुजबुजणाऱ्यांतलं कुणी रात्री दोनला वळवायला आलं नव्हतं.

मिस्टर गेले ते अक्कांच्या पाळीत. पहाटे. मी आतल्या खोलीत झोपले होते. अक्कांनी हाक मारली तोवर झालेलं होतं. भेटायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणी हळहळल्या, "एवढं केलंत आणि शेवटच्या घटकेला नेमक्या तुम्ही नव्हतात." हे तुमच्याही वाट्याला येईल म्हणून मुद्दाम लिहिते. इतक्या वर्षांत मी असंख्य वेळा पाहिलंय: बायको चार रात्री हलली नाही, पाचव्या दिवशी चहाला खाली उतरली आणि तेवढ्यात माणूस गेला. मुलगा औषध आणायला गेला आणि इकडे वडील गेले. असं का होतं मला माहीत नाही, पण होतं, आणि मागे राहिलेला माणूस तो एक चहा जन्मभर गिळू शकत नाही. त्या सगळ्यांना मी सांगायचे की ते एकटे नव्हते हो, मी होते तिथे, हात धरून. आणि कधी मीही नसायचे, शेजारच्या खाटेवर सक्शन करत असायचे. तेव्हाही मी सांगायचे, ते एकटे नव्हते. ते खोटं नव्हतं. तेव्हा मी ते दुसऱ्यांसाठी म्हणायचे, त्या पहाटे स्वतःला म्हटलं. अक्कांनी त्यांच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं होतं. बहिणीच्या हातचं. माझ्या मनाला टोचणी नाही.

अक्का म्हणजे माझ्यासाठी पांडुरंगच धावून आला, असं म्हणायचा मोह तुम्हाला होईल. माझ्यापाशी तसं म्हणू नका. अक्का म्हणजे अक्का. बीपीची गोळी विसरणाऱ्या, तंबाखूची मिसरी लावणाऱ्या, सुनेवर रुसून आलेल्या. त्यांनी स्वतःची झोप मोडून केलं, त्याचं श्रेय त्यांनाच. तेच आमच्या वॉर्डातल्या मावशींचं. माणसाने केलेलं देवाच्या खात्यावर टाकलं की माणसाचे आभार मानायचे राहून जातात.

हल्ली वारीच्या वेळी वाखरीच्या तळावर एका प्रथमोपचाराच्या तंबूत मी दोन दिवस बसते. फोड फोडू नका म्हणून सांगते, पायांना पट्ट्या बांधते, ओआरएसचं पाणी पाजते. तिथे माझी पाळी सकाळची असते, दुपारी मी मोकळी होऊन दिंडीत जाते. दमल्यावर उठून जाता येणारी सेवा ही फार मोठी चैन आहे, घरी करणाऱ्यांना ती मिळत नाही.

म्हणून परवा फोन केलेल्या बाईंना, आता नीट उत्तर. सासूबाईंना दोन तासांनी वळवा, टाचांखाली उशी अशी घाला की टाच अधांतरी राहील. भरवताना डोकं आणि पाठ उंच, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तसंच ठेवा. पाठीवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून तो पांढरा होत नसेल तर त्या दिवशीच डॉक्टरांना सांगा, चोळू नका. ही कामं तुमचीच आहेत असं समजू नका, ती वाटून घेता येतात. दिरांना सांगा, आठवड्यातून एक रात्र त्यांची. नवऱ्याला रात्री दोनचा गजर लावून द्या, त्यांनाही वळवता येतं, शिकवलं की दहा मिनिटांत जमतं. नको म्हणाले तर माझा नंबर द्या. हरिपाठ म्हणताना झोप लागली तर लागू द्या, राहिलेला कुणीतरी म्हणत असतं.

आणि हवेची गादी एकदम विकत घेऊ नका. सर्जिकलच्या दुकानात भाड्याने मिळते का बघा. पंपाची घरघर पहिल्या एक-दोन रात्री झोपू देत नाही, मग सवय होते. गादी घातली तरी वळवावं लागतंच, दुकानदार काहीही सांगो.